लिनक्स लॅपटॉपला जोडलेल्या मॉनिटरवर रिझोल्यूशन नीट आणण्याची रीत

मागच्या पावसाळ्यात कराडहून भाचीचा फोन आला. ती सिव्हिलचा डिप्लोमा करते. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकून घेतलंय आणि ड्रॉइंग मोठी दिसावीत म्हणून साडेएकवीस इंचांचा एक वापरलेला मॉनिटर आणलाय. "मामा, मॉनिटर लागला, पण सगळं फुगल्यासारखं दिसतंय. वर्तुळं अंड्यासारखी झालीत. सेटिंगमध्ये १०२४×७६८ च्या वर काही येतच नाही." मॉनिटर १९२०×१०८० चा होता. दोन तास फोनवर गेले, आणि त्यातला पहिला तास मी वाया घालवला. कारण कुठे आहे ते न बघता मी तिला सरळ कमांड सांगत सुटलो होतो.

त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांना हीच मदत केली. प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसली. लिनक्स मॉनिटरला कमी रिझोल्यूशन देतो, कारण त्या मॉनिटरला किती झेपतं हे त्याला कळलेलंच नसतं. म्हणून मोठा आकडा मागण्याआधी निरोप कुठे अडकलाय ते शोधायचं. या क्रमाने गेलात तर निम्म्याहून जास्त वेळा कमांड लिहायची गरजच पडत नाही.

कमांड मी फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. वेगळं सांगितलं नसेल तर सगळं लहान लिपीत. स्पेलिंग फसवं असेल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

मॉनिटरचं ओळखपत्र

प्रत्येक मॉनिटरमध्ये एक छोटी मेमरी चिप असते. तिच्यात १२८ बाइटची माहिती भरलेली असते: कंपनी, मॉडेल, पडद्याची लांबी-रुंदी, चालणारी रिझोल्यूशन आणि त्यातलं सर्वांत योग्य कोणतं. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. तिचा नमुना व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये ठरवून दिला. एचडीएमआय मॉनिटर आणि टीव्हींमध्ये पुढे आणखी १२८ बाइटचा एखादा तुकडा जोडलेला असतो. केबल लावली की लॅपटॉप केबलमधल्या दोन बारीक तारांवरून ही माहिती वाचतो. चित्र ज्या तारांवरून जातं त्या वेगळ्या.

म्हणजे चित्राच्या तारा ठणठणीत आणि ओळखपत्राची तार तुटलेली, असं होऊ शकतं. मग मॉनिटर दिसतो, पण तो कोण आहे हे कळत नाही. अशा वेळी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, धोका पत्करत नाही. कोणताही मॉनिटर सहन करेल अशी जुनी यादी पुढे करतो आणि ती १०२४×७६८ वर थांबते. भाचीकडे नेमकं हेच झालं होतं.

आधी चार साध्या गोष्टी

पहिली गोष्ट, मिरर. लॅपटॉपचं चित्र जसंच्या तसं मॉनिटरवर दाखवायला ठेवलं असेल तर दोन्ही पडद्यांना जमेल असंच रिझोल्यूशन मिळतं. लॅपटॉपचा पडदा १३६६×७६८ चा असेल तर मॉनिटरही त्याच्याबरोबर खाली येतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये मिरर बंद करा, दोन्ही पडदे जोडून एक मोठा पडदा होईल असं ठेवा आणि मग मॉनिटरची यादी पुन्हा बघा. बिघाड समजून माझ्याकडे आलेल्या कितीतरी तक्रारी एवढ्यावरच मिटल्या.

दुसरी, मॉनिटरचा स्वतःचा मेन्यू. मॉनिटरच्या बटणांनी माहितीचं पान उघडलं की सध्या कोणता सिग्नल येतोय ते दिसतं. तिथे १९२०×१०८० लिहिलेलं असेल आणि चित्र तरीही मोठं किंवा धूसर वाटत असेल, तर दोष रिझोल्यूशनचा नाही, स्केलिंगचा, म्हणजे अक्षरं-चित्रं किती टक्के मोठी दाखवायची त्या सेटिंगचा आहे. त्याबद्दल पुढे.

तिसरी, मॉनिटरचा प्लग भिंतीतून काढून पाच मिनिटं तसाच ठेवा. ओळखपत्र वाचताना मॉनिटरच कधी कधी अडकून बसतो आणि नुसतं बटण बंद करून तो सुटत नाही.

चौथी, केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा नीट बसवा. मधे कन्व्हर्टर असेल तर तो काढून थेट जोडता येतं का ते पाहा.

ओळखपत्र पोचलं का?

टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि एकच शब्द टाइप करा: एक्सरँडर. अक्षरं एक्स, आर, ए, एन, डी, आर. एंटर दाबल्यावर प्रत्येक पोर्टची एक ओळ येते. एचडीएमआय-१, व्हीजीए-१, डीपी-१ अशी नावं असतात. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा नव्या मशीनवर ईडीपी-१ आणि जुन्यावर एलव्हीडीएस-१ नावाने दिसतो. लॅपटॉपच्या पडद्याखेरीज ज्या ओळीत 'कनेक्टेड' लिहिलंय ती तुमच्या मॉनिटरची. काही ड्रायव्हर नावात मधली रेघ देत नाहीत, म्हणून नाव तुमच्या पडद्यावर दिसतं तसंच पुढे वापरा.

त्या ओळीच्या शेवटी बघा. तिथे पडद्याची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. साडेएकवीस इंचाच्या मॉनिटरला साधारण ४७७ आणि २६८ मिलिमीटर दिसायला हवेत. भाचीने फोनवर वाचून दाखवलं, "शून्य एमएम गुणिले शून्य एमएम." अख्ख्या तपासणीत इतकी बोलकी खूण दुसरी नाही. शून्य मिलिमीटर म्हणजे ओळखपत्र आलेलंच नाही. त्याखाली यादीत फक्त १०२४×७६८, ८००×६००, ८४८×४८० आणि ६४०×४८० दिसले तर शंकाच उरत नाही. ती कर्नलची अडचणीच्या वेळची यादी आहे. (प्रोजेक्टर आणि काही टीव्ही स्वतःचं माप देत नाहीत, म्हणून त्यांच्याबाबतीत माप आणि यादी दोन्ही बघूनच ठरवा.)

यादीत ज्या आकड्याजवळ तारा आहे ते रिझोल्यूशन सध्या चालू आहे, आणि अधिकचं चिन्ह ज्याच्यापुढे आहे ते मॉनिटरच्या स्वतःच्या पसंतीचं. दोन्ही खुणा एकाच ओळीत असतील तर सगळं जागेवर आहे.

आणखी खात्री हवी असेल तर कर्नलने वाचलेलं ओळखपत्र थेट बघता येतं. /सिस/क्लास/डीआरएम या फोल्डरमध्ये प्रत्येक पोर्टचा एक उपफोल्डर असतो आणि त्यात ईडीआयडी नावाची फाइल असते. तिच्यात किती बाइट आहेत ते असं मोजा:

डब्ल्यूसी -सी /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड०-व्हीजीए-१/ईडीआयडी

सिस म्हणजे एस-वाय-एस. फोल्डरच्या नावात पोर्टचं नाव मोठ्या लिपीत असतं, बाकी लहान. काही मशीनवर कार्ड० ऐवजी कार्ड१ असतं. उत्तर ० आलं तर ओळखपत्र नाही. १२८ किंवा २५६ आलं तर ते पोचलंय. एलएस -एल कमांडने या फाइलचा आकार बघू नका, तिथे फाइल भरलेली असली तरी शून्यच दिसतं. पहिल्या तासात मी भाचीला तेच करायला लावलं होतं.

माहिती पोचली पण खराब होऊन, असंही घडतं. १२८ बाइटची बेरीज केल्यावर तिला २५६ ने पूर्ण भाग जायला हवा, असा नियम आहे. बेरीज चुकली की कर्नल नोंदीत तक्रार लिहितो. 'सुडो डीमेसेज' चालवून (एस-यू-डी-ओ, म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकाराने चालव; मग डी-एम-ई-एस-जी) त्यात ईडीआयडी हा शब्द शोधा. 'चेकसम इनव्हॅलिड' असं काही दिसलं तर केबलकडे संशयाने बघा. मजकूर वाचायचा असेल तर ईडीआयडी-डीकोड नावाचं पॅकेज टाकून त्याला तीच फाइल द्या. मॉनिटरची सगळी माहिती इंग्रजीत उलगडून समोर येते.

एचडीएमआय वापरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. एचडीएमआय पोर्टवर इंटेलचा ड्रायव्हर ओळखपत्र वाचता आलं तरच मॉनिटर जोडलेला आहे असं मानतो. त्यामुळे तिथे १०२४×७६८ येणार नाही. पोर्ट सरळ 'डिसकनेक्टेड' दिसेल आणि मॉनिटर काळा राहील. मूळ रोग तोच, लक्षण वेगळं. अशा वेळी लोक ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकतात आणि सदोष केबल तशीच लोंबत राहते.

व्हीजीए केबल जवळून पाहा

भाचीच्या लॅपटॉपला निळं, पंधरा पिनांचं व्हीजीए पोर्ट होतं. तिला मी केबलचं टोक उजेडात धरायला सांगितलं. पाच-पाच पिनांच्या तीन ओळी असतात. तिसऱ्या ओळीत ११ ते १५ या क्रमांकाच्या पिना. त्यातल्या १२ आणि १५ या दोन पिना ओळखपत्र वाहून नेतात. दुसऱ्या ओळीतली ९ क्रमांकाची पिन पुष्कळ केबलमध्ये मुळातच नसते, तिची काळजी नको. पण १२ किंवा १५ तुटलेली, वाकून आत दबलेली असेल तर दुखणं सापडलं.

तिच्या केबलमध्ये पिना सगळ्या होत्या. तरीही दोष केबलचाच निघाला. स्वस्तातल्या काही केबलमध्ये पिन असते, पण तिच्यामागे तारच घातलेली नसते. हे डोळ्यांनी कळत नाही. दुसरी केबल लावून बघणं हाच खरा मार्ग. शेजारच्या सायबर कॅफेतून, शाळेच्या लॅबमधून तासभरासाठी आणली तरी चालेल. विकत घ्यायची तर पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच. दुकानात जाताना लॅपटॉप बरोबर न्या आणि तिथल्याच मॉनिटरला जोडून मिलिमीटरचा आकडा येतो का ते पाहूनच पैसे द्या.

नवी केबल लगेच मिळणार नसेल, किंवा मॉनिटरमधली चिपच गेली असेल, तर मात्र हाताने सांगावं लागतं.

हाताने मोड देणं, आणि १७३ चा घोळ

पडद्यावर खिडक्या आणि चित्र दाखवायच्या लिनक्समध्ये दोन यंत्रणा आहेत, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड. हा भाग एक्स११ सेशनसाठी आहे. लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये मुळात तोच असतो. वेलँडवर या कमांड चालत नाहीत, त्यांच्यासाठी 'वेलँड असेल तर' हा भाग पुढे आहे.

रीत तीन पायऱ्यांची: नव्या मोडचं (रिझोल्यूशन आणि त्याचा वेग यांच्या जोडीचं) वर्णन द्यायचं, तो पोर्टला जोडायचा, मग चालू करायचा. वर्णनाचे आकडे काढायला सीव्हीटी नावाची कमांड आहे. सीव्हीटी १९२० १०८० ६० असं विचारलं की ती एक लांब ओळ देते आणि तिच्या सुरुवातीला १७३.०० हा आकडा असतो. सगळीकडे हीच ओळ उतरवून घेतलेली दिसते. अनेकांचा मॉनिटर त्यानंतर 'आउट ऑफ रेंज' म्हणतो, आणि मग लोक मॉनिटर खराब आहे असं ठरवून तो भंगारात देतात. चांगला चालणारा मॉनिटर असा जातो, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा आकडा काय आहे ते दोन मिनिटं समजून घ्या.

पडद्यावर १९२० आडवे आणि १०८० उभे ठिपके दिसतात. पण सिग्नलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी थोडी मोकळी जागा सोडलेली असते. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत उजव्या कडेवरून डावीकडे आणि खालून वर परत जायचा, त्याला तेवढा वेळ लागायचा. साधी सीव्हीटी कमांड आजही त्या झोताला पुरेल इतकी जागा सोडते. ओळ २५७६ ठिपक्यांची आणि चित्र ११२० ओळींचं धरते. २५७६ गुणिले ११२० गुणिले सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे सुमारे १७.३ कोटी ठिपके दर सेकंदाला. हेच ते १७३ मेगाहर्ट्झ.

सपाट पडद्याला एवढी मोकळी जागा लागत नाही. टीव्ही आणि मॉनिटरांच्या जगात १९२०×१०८० साठी ठरलेलं माप २२०० गुणिले ११२५ असं आहे. त्याला ६० ने गुणा: बरोबर १४,८५,००,००० येतात, म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्झ. एकेरी जोडणीच्या डीव्हीआय पोर्टची आणि सुरुवातीच्या एचडीएमआयची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ आहे. १४८.५ त्यात बसतं, १७३ बसत नाही. मॉनिटर साधा डीव्हीआय आहे असं वाटलं की इंटेलचा ड्रायव्हरही १६५ च्या पुढचा मोड नाकारतो. व्हीजीएवर तो नाकारणार नाही कदाचित, पण मॉनिटरच्या ओळखीचं माप १४८.५ चंच असतं, त्यामुळे चित्र त्यावरच स्वच्छ बसतं.

तेव्हा सीव्हीटीला न विचारता थेट ही ओळ द्या:

एक्सरँडर --न्यूमोड एफएचडी १४८.५ १९२० २००८ २०५२ २२०० १०८० १०८४ १०८९ ११२५ +एचसिंक +व्हीसिंक

न्यूमोड हा जोडून लिहिलेला एकच शब्द, त्याआधी सलग दोन आडव्या रेघा. एफएचडी हे आपण दिलेलं नाव, दुसरं काही दिलंत तरी चालेल. एचसिंक म्हणजे एच-एस-वाय-एन-सी, व्हीसिंक तसंच व्ही ने सुरू करून. मग:

एक्सरँडर --अ‍ॅडमोड व्हीजीए-१ एफएचडी

एक्सरँडर --आउटपुट व्हीजीए-१ --मोड एफएचडी --राइट-ऑफ एलव्हीडीएस-१

शेवटचा तुकडा मॉनिटर लॅपटॉपच्या उजवीकडे आहे एवढंच सांगतो. डावीकडे असेल तर लेफ्ट-ऑफ. तिसरी कमांड दिल्यावर मॉनिटर क्षणभर काळा होतो, घाबरू नका. दहा सेकंदांत चित्र आलं नाही तर लॅपटॉपच्या पडद्यावर टर्मिनल उघडंच असतं. त्यात तीच कमांड --मोड एफएचडी ऐवजी --मोड १०२४x७६८ (मधे लहान एक्स) लिहून द्या, जुनं रिझोल्यूशन परत येईल. व्हीजीएवर चित्र आलं पण एका बाजूला सरकलेलं किंवा अक्षरांना सावली दिसली, तर मॉनिटरवरचं ऑटो अ‍ॅडजस्टचं बटण दाबा.

तरीही जमलं नाही तर आणखी हलका पर्याय आहे. सीव्हीटीला -आर जोडून विचारा: सीव्हीटी -आर १९२० १०८० ६०. आता ती १३८.५० पासून सुरू होणारी ओळ देते, मोकळी जागा अगदी कमी ठेवलेली. मोडलाइन हा शब्द सोडून पुढचं सगळं न्यूमोडच्या पुढे लिहायचं.

२५६०×१४४० चा मॉनिटर जुन्या लॅपटॉपच्या एचडीएमआयला जोडणाऱ्यांनी हे वाचाच. त्या रिझोल्यूशनला ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं), मोकळी जागा कमी ठेवूनही, २४१.५ मेगाहर्ट्झ लागतात. इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या लॅपटॉपांत एचडीएमआयची मर्यादा २२५ आहे. म्हणून यादीत २५६०×१४४० दिसतच नाही आणि सगळं १९२०×१०८० वर अडतं. इथे वेग कमी करायचा. २७२० गुणिले १४८१ गुणिले ५० केलं तर २०१.४२ येतात आणि ते मर्यादेत बसतं:

एक्सरँडर --न्यूमोड क्यूएचडी५० २०१.४२ २५६० २६०८ २६४० २७२० १४४० १४४३ १४४८ १४८१ +एचसिंक -व्हीसिंक

बहुतेक कामांना ५० हर्ट्झ पुरतात. मॉनिटरने ५० स्वीकारलं नाही तर पहिला आकडा २२१.५६ करून ५५ वर बघा. त्याच लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट असेल तर मात्र हा खटाटोप करू नका, सरळ ती केबल घ्या.

दर वेळी टाइप करावं लागू नये म्हणून

वरच्या कमांड लॅपटॉप बंद केला की विसरल्या जातात. चित्र नीट आल्याची खात्री झाली की त्या तीन ओळी तुमच्या होम फोल्डरमधल्या .एक्सप्रोफाइल या फाइलमध्ये टाका. नावाच्या सुरुवातीला टिंब असल्याने ती लपलेली असते. फाइल नसेल तर नवी करा. लॉगिन करताना ती आपोआप वाचली जाते.

लॉगिनचा पडदाही नीट हवा असेल तर /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये १०-मॉनिटर.कॉन्फ अशी फाइल करावी लागते. पत्त्यातला एक्स११ चा एक्स मोठा आणि फाइलमधल्या शब्दांची पहिली अक्षरंही मोठी:

सेक्शन "मॉनिटर"
आयडेंटिफायर "व्हीजीए-१"
मोडलाइन "एफएचडी" १४८.५ १९२० २००८ २०५२ २२०० १०८० १०८४ १०८९ ११२५ +एचसिंक +व्हीसिंक
ऑप्शन "प्रेफर्डमोड" "एफएचडी"
एंडसेक्शन

या फाइलमध्ये चूक झाली तर ग्राफिकल पडदा सुरूच न होण्याची शक्यता असते. तसं झालं तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा, काळ्या पडद्यावर लॉगिन करा आणि ती फाइल काढून टाका. घरात दुसरं कोणी मदतीला नसेल तर .एक्सप्रोफाइलवरच थांबा.

वेलँड असेल तर

उबंटू २१.०४ पासून उबंटूत वेलँड हेच मूळ सेशन आहे, आणि २५.१० मध्ये तर नोम या उबंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपसाठी एक्स११ चा पर्यायच ठेवलेला नाही. तुमच्याकडे काय आहे ते सेटिंगमधल्या अबाउट पानावर, विंडोइंग सिस्टिम या नावापुढे लिहिलेलं असतं. वेलँडवर एक्सरँडर फार तर माहिती दाखवतो, बदल करत नाही. म्हणून इथे कर्नललाच सांगायचं, तेही मशीन सुरू होताना.

आधी एकदाच करून बघा. मशीन सुरू करताना ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेन्यू आणा, पहिल्या ओळीवर ई दाबा, लिनक्स शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी एक स्पेस देऊन हे जोडा:

व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०x१०८०एमआर@६०डी

मग कंट्रोल-एक्स. व्हिडिओ लहान लिपीत, पोर्टचं नाव आणि एम, आर, डी मोठ्या लिपीत, मधला गुणाकार म्हणजे लहान एक्स. इथे पोर्टचं नाव कर्नलच्या बोलीतलं हवं. एक्सरँडर ज्याला एचडीएमआय-१ म्हणतो त्याला कर्नल एचडीएमआय-ए-१ म्हणतो. या एका 'ए' मुळे अनेकांची मेहनत फुकट गेली आहे. खरं नाव मघाच्या /सिस/क्लास/डीआरएम फोल्डरमध्ये दिसतं.

एमआर ही अक्षरं गाळू नका. ती नसली तर, आणि यादीत तो मोड आधीच नसेल तर, कर्नल जुन्या सूत्राने हिशेब करतो आणि पुन्हा १७२-१७३ च्या घरात जातो. एमआर म्हटलं की १३८.५ येतं. शेवटचा डी म्हणजे ओळखपत्र नसलं तरी हे पोर्ट जोडलेलंच समज. एचडीएमआय 'डिसकनेक्टेड' दिसत होतं ते याने उठतं. व्हीजीए पोर्ट असेल तर डी ऐवजी लहान ई लिहा.

चित्र नीट आलं तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल सुडो नॅनोने (नॅनो हा टर्मिनलमधला साधा एडिटर) उघडा. 'क्वायट स्प्लॅश' लिहिलेल्या ओळीत, अवतरणचिन्हांच्या आतच, तोच तुकडा जोडा, सेव्ह करा आणि सुडो अपडेट-ग्रब चालवा. हे केलेलं पुढच्या रीस्टार्टपासून कायम राहतं.

याहून पक्की रीतही आहे. तोच मॉनिटर चांगल्या केबलने दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला जोडा, तिथली ईडीआयडी फाइल कॉपी करून घ्या, आपल्या लॅपटॉपवर /लिब/फर्मवेअर/ईडीआयडी या फोल्डरमध्ये मॉनिटर.बिन नावाने ठेवा, आणि ग्रबच्या त्याच ओळीत डीआरएम.ईडीआयडी_फर्मवेअर=एचडीएमआय-ए-१:ईडीआयडी/मॉनिटर.बिन असं लिहा. केबलने न पोचवलेलं ओळखपत्र आपण हातात नेऊन देतो. रंग, आवाज, पसंतीचं रिझोल्यूशन, सगळं मूळ मॉनिटरप्रमाणे येतं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर मशीन सुरू होण्याच्या अगदी पहिल्या टप्प्यात लोड होत असेल तर ही फाइल इनिटरॅमएफएसमध्येही (त्या पहिल्या टप्प्यात वापरल्या जाणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्यात) घालावी लागते.

ओळखपत्र आलंय, तरी रिझोल्यूशन नाही

मशीन सुरू करताना वापरलेले शब्द बघा: कॅट /प्रोक/सीएमडीलाइन. त्यात नोमोडसेट दिसलं तर दुसरं काही शोधू नका. लिनक्स टाकताना पडदा काळा झाला म्हणून कोणीतरी हा शब्द घातलेला असतो आणि तो काढायचा राहून जातो. त्याने ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर चालूच होत नाही. ग्रबच्या फाइलमधून काढा आणि रीस्टार्ट करा. सेटिंगच्या अबाउट पानावर ग्राफिक्सपुढे एलएलव्हीएमपाइप लिहिलेलं असेल तरीही हेच समजा, ड्रायव्हर चाललेला नाही.

एनव्हिडियाचं कार्ड असलेल्या पुष्कळ लॅपटॉपांत एचडीएमआय पोर्ट थेट त्या कार्डाला जोडलेलं असतं. बॅटरी वाचवायला कार्ड बंद ठेवलं की पोर्टही बंद. उबंटूत अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्समधून शिफारस केलेला ड्रायव्हर टाका. सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर तो विचारतात. तो पडदा घाईत पुढे ढकलला तर ड्रायव्हर असूनही लोड होत नाही.

यूएसबी-सी हबवर ४के चित्र ३० हर्ट्झच्या वर जात नसेल तर अनेकदा तो दोष नसतोच. हब चारपैकी दोन मार्ग यूएसबीला देतो, उरलेल्या दोनांत एवढंच मावतं. एचडीएमआय १.४ ची मर्यादाही ४के साठी ३० हर्ट्झच, ६० हवे तर २.० लागतं. आणि प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही, खरेदीआधी लॅपटॉपच्या माहितीपत्रकात डिस्प्लेपोर्ट हा शब्द शोधा.

टीव्हीवर कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्याच मेन्यूत जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट अशा नावाचा पर्याय निवडा. लॅपटॉपमध्ये काही करायचं नाही.

रिझोल्यूशन बरोबर असूनही अक्षरं बारीक किंवा धूसर वाटली तर स्केलिंग बघा. १०० किंवा २०० टक्के अक्षरं स्वच्छ येतात, १२५ आणि १५० ला काही जुनी अ‍ॅप धूसर होतात. अक्षरं मोठी करायला रिझोल्यूशन कमी करू नका, त्याने सगळंच पुसट होतं.

नोमवर जुना मॉनिटर गेला तरी जुनीच मांडणी येत राहिली तर .कॉन्फिग फोल्डरमधली मॉनिटर्स.एक्सएमएल ही फाइल बाजूला हलवून पुन्हा लॉगिन करा.

केबल आल्यावर

भाचीने त्या रात्री वरच्या तीन ओळींवर ड्रॉइंग पुरी केली. आठवड्याने नवी केबल आली. लावल्यावर तिने पुन्हा एक्सरँडर चालवून आकडे वाचले, "चारशे सत्त्याहत्तर एमएम, दोनशे अडुसष्ट एमएम." मी तिला लगेच .एक्सप्रोफाइलमधल्या तिन्ही ओळी काढायला सांगितल्या. तुम्हीही तेच करा: ओळखपत्र यायला लागलं की हाताने घातलेलं सगळं, एक्सऑर्गची फाइल आणि ग्रबमधला तुकडाही, काढून टाका. नाहीतर उद्या त्याच पोर्टला कॉलेजचा प्रोजेक्टर जोडाल आणि लॅपटॉप त्यालाही या मॉनिटरचंच माप देत बसेल.